शेवटचा परिच्छेद माझा नाही, आता काय करू?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राहते, शाळेत शिकवते आणि काही वर्षांपासून दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते. यंदाची कथा बहात्तरच्या दुष्काळावरची आहे. खडी फोडायच्या कामावर जाणारी एक बाई, तिची सून आणि मुकादम. शेवट काही केल्या जमेना, म्हणून चॅटजीपीटीला विचारलं. त्यानं दिलेल्या परिच्छेदावर थोडा हात फिरवला आणि कथा पाठवून दिली. संपादकांचा फोन आला, "शेवट फार सुरेख झालाय." तेव्हापासून जिवाला चैन नाही. दुसरी कथा लिहायला बसले तर दोन ओळी झाल्या की हात आपोआप मोबाइलकडे जातो. मिस्टर म्हणतात, कॅल्क्युलेटर वापरल्यासारखंच आहे, एवढं काय त्यात. मैत्रीण म्हणते, जपानमध्ये एकीनं एआय वापरून कादंबरी लिहिली तर तिला पुरस्कार मिळाला. शुद्धलेखन तपासायलाही वापरू नये का? कुठे थांबायचं ते कुणीतरी नेमकं सांगा. अंक अजून छापायला गेलेला नाही. तो परिच्छेद सोबत पाठवते आहे.

उत्तर : अंक अजून छापायला गेलेला नाही हे बरं झालं. नियम कुठले पाळायचे ते नंतर बघू, आधी हा परिच्छेद बाहेर काढा.

चॅटजीपीटीच्या डाव्या बाजूच्या यादीत जुनी संभाषणं असतात. त्यातलं हे संभाषण उघडा, त्यानं दिलेलं मूळ उत्तर वेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि तुमच्या कथेतल्या परिच्छेदाशेजारी ठेवा. वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'कंपेअर' आहे, दोन्ही फाइली तिथे दिल्या की फरक रंगवून समोर येतो. तुम्ही पाठवलेला मजकूर बघता, रंगलेला भाग फार थोडा निघेल असा आमचा अंदाज आहे. हात फिरवताना आपण साधारणपणे विशेषणं बदलतो, एखादं वाक्य तोडतो. परिच्छेदाची चाल तीच राहते.

त्यातलं अखेरचं वाक्य इथे देतो : "आणि त्या क्षणी तिला जाणवलं, पाऊस बाहेर पडत नव्हता, तो तिच्या आत पडत होता." आता या वाक्यातली 'ती' उचलून एखाद्या पुण्यातल्या घटस्फोटित बाईच्या कथेला जोडून बघा. जुळतं. मुलगा अमेरिकेला गेलेल्या आईच्या कथेलाही जुळतं. तुमच्या कथेत हाताला आलेले फोड आहेत, लाल मिलोची, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आहे, पोरं सुकडीसाठी रांगेत उभी आहेत, आणि मुकादमानं ढीग मोजताना टेप सैल धरल्याचा तो फार चांगला प्रसंग आहे. शेवटच्या परिच्छेदात यातलं काहीही नाही. यंत्र आधीच्या मजकुरावरून पुढे काय येण्याची शक्यता जास्त ते धरून लिहितं. दुष्काळाची कथा म्हटल्यावर पाऊस, आणि कथेचा शेवट म्हटल्यावर 'तिला जाणवलं'. संपादकांना तो सुरेख वाटला यात नवल नाही. असे शेवट आपण सगळ्यांनीच खूप वाचलेत, त्यामुळे ते ओळखीचे आणि म्हणून सफाईदार वाटतात.

म्हणूनच शब्द बदलून भागणार नाही. कथा तिच्या मनात संपवायची आणि पावसावर संपवायची, हा निर्णयच तुमचा नव्हता, आणि तोच परत घ्यायला हवा. त्या परिच्छेदाच्या आधीपर्यंतची कथा छापून घ्या. फाइल उघडू नका, कारण उघडलीत तर डोळा खाली जाणारच. कागदावर हातानं तीन शेवट लिहा. पहिला संवादावर थांबणारा. दुसरा कामाच्या कृतीवर थांबणारा : मोजमाप, मस्टर, पगार, घमेलं, काहीही चालेल, पण तिच्या 'जाणवण्या'वर नको. तिसऱ्यात नवं काही लिहायचंच नाही. आधीच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य हाच शेवट धरून कथा मोठ्यानं वाचायची. पुष्कळदा हा तिसराच बरोबर निघतो. कथा तिथेच संपलेली असते, फक्त लेखकाला भरवसा नसतो. तुमच्या कथेत सून न बोलता घमेलं उचलून सासूच्या डोक्यावर देते, तिथे ती संपते असं आमचं मत आहे. निर्णय मात्र तुम्हीच घ्या. यंत्राचा शेवट काढून आमचा घातलात तर काहीच साधलं नाही.

आता मिस्टरांचं म्हणणं. कॅल्क्युलेटरकडे आपण उत्तर मागतो तेव्हा ते एकच असतं आणि कुणीही काढलं तरी तेच येतं. कथेत वाक्य निवडणं हेच काम आहे. ते दुसऱ्याकडे दिलं की हातात उरते फक्त नक्कलप्रत. मैत्रिणीचं उदाहरण अर्धं खरं आहे. रिए कुदान यांना जानेवारी २०२४ मध्ये आकुतागावा पुरस्कार जाहीर झाला आणि साधारण पाच टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे असं त्यांनी स्वतः सांगितलं. पण त्या कादंबरीत एक एआय बोलतं, आणि यंत्राचा मजकूर आला तो त्या एआयच्या उत्तरांत. यंत्राला यंत्राच्याच तोंडी वापरायचं हे लेखिकेनं ठरवलं आणि उघडपणे सांगितलं. तुमच्या बहात्तरच्या कथेत यंत्र कुणाच्या तोंडून बोलणार?

कुठे थांबायचं, याचं आमचं उत्तर कुठलं साधन वापरायचं यावर फारसं अवलंबून नाही, क्रमावर आहे. तुमचा खर्डा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कागदावर उतरेपर्यंत चॅटजीपीटीची खिडकी बंद. उतरल्यावर उघडा, पण यंत्रानं वाचायचं आणि विचारायचं, लिहायचं नाही. क्रमाचा एवढा आग्रह का? तयार वाक्य एकदा समोर आलं की ते न पाहिल्यासारखं करता येत नाही. नापसंत पडलं तरी तुमचं पुढचं वाक्य त्याला उत्तर म्हणून येतं, 'असं नको, तसं' म्हणत येतं. स्वतःचं वाईट वाक्य आधी लिहिलेलं असेल तर निदान तुलना तुमच्या वाक्याशी होते. "फक्त कल्पना विचारल्या, वाक्य एकही घेतलं नाही" हा बचावही म्हणूनच कच्चा आहे. पहिली कल्पना कुणाची, यावर बाकीची वळणं ठरतात.

खर्डा झाल्यावर काय सांगायचं तेही लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्यानं ठरवावं लागणार नाही. हा मजकूर चालेल :

"मी कथा लिहिली आहे. तू एकही वाक्य, उपमा, संवाद, शीर्षक किंवा शेवट सुचवायचा नाहीस. कथा वाचून मला फक्त प्रश्न विचार, जास्तीत जास्त सात. प्रत्येक प्रश्नाआधी कथेतली ती ओळ जशीच्या तशी दे. कौतुक नको."

यात दोन गोष्टी बिघडतात. एक, 'जशीच्या तशी' म्हणूनही ओळ बदलून येते, कधी कधी तर कथेत नसलेलीच येते. ती ओळ फाइलमध्ये शोधून बघा, सापडली नाही तर तो प्रश्न सोडून द्या. दोन, चार-पाच उत्तरांनंतर शेपटीला हमखास "हवं असल्यास हा प्रसंग मी नव्यानं लिहून देऊ का?" असं येतं. संभाषण लांबलं की सुरुवातीच्या सूचनेचा जोर कमी होतो. म्हणून दर बैठकीला नवं संभाषण उघडा आणि हा मजकूर सेटिंग्जमधल्या 'कस्टम इन्स्ट्रक्शन्स'मध्ये कायमचा टाका. लांब कथा एकदम न देता प्रसंगाप्रसंगानं द्या. आणि "कथा कशी वाटली?" असं कधीही विचारू नका. या साधनांना होकार भरायची खोड आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयनं एक सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ती वाजवीपेक्षा जास्त हांजी हांजी करत होती. विचारायचंच तर "कुठल्या ओळीला वाचकाचा गोंधळ होईल?" असं विचारा.

शुद्धलेखनाला खुशाल वापरा, मात्र "शुद्ध करून दे" म्हणू नका. तुमच्या कथेतला हा संवाद घ्या :

"आगं, पोरगी तापानं फणफणलीया, आन् तू हितं खडी फोडत बसलीयास?"

'शुद्ध करून दे' म्हटलं की तो साधारण असा परत येतो :

"अगं, मुलगी तापाने फणफणली आहे आणि तू येथे खडी फोडत बसली आहेस?"

व्याकरणाला धक्का नाही, पण बाई मेली. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचीही आडकाठी नाही, यंत्राला मात्र सगळं प्रमाण करायची घाई असते. निवेदनात तुम्ही 'केलं, गेलं' लिहीत असाल तर तिथेही ते गुपचूप 'केले, गेले' करून टाकतं, तेही अर्ध्या ठिकाणी. त्यामुळे दुरुस्त मजकूर मागायचा नाही, तक्ता मागायचा : मूळ शब्द, सुचवलेला शब्द, कारण. अवतरणचिन्हांतलं सगळं वगळायला सांगायचं. मग एकेक बदल तुम्ही स्वतः फाइलमध्ये करायचा. कारणाचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण चुकीचं असलं की सूचनाही बहुधा चुकीची असते. 'फूल'चं 'फुलाला' होतं, पण 'शरीर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असल्यामुळे 'शरीराला' दीर्घच राहतं. अशा ठिकाणी यंत्र एकच नियम दोन्हीकडे लावतं किंवा दोन्हीकडे विसरतं. शाळेत शिकवता, तेव्हा हे तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

बोलून टाइप करत असाल तर तिथेही लक्ष ठेवा. 'हाय' म्हटलेलं 'आहे' होऊन उमटतं आणि घाईत आपण ते तसंच सोडतो.

पर्यायी शब्द मागावेत का? आम्ही नको म्हणू. सगळ्या हद्दी इथूनच सैल होतात : आज एक शब्द, उद्या शब्दसमूह, परवा "हे वाक्य जरा वेगळं करून दे". दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश, दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. तिथे बोलीतले शब्द त्यांच्या अर्थच्छटांसह मिळतात आणि कोश तुमच्यासाठी वाक्य लिहायला पुढे सरसावत नाही.

माहितीसाठी वापर करायला हरकत नाही, पण ती माहिती कथेत जाण्याआधी दुसरीकडे पडताळलेली हवी. बहात्तरबद्दल विचारलंत तर उत्तरात 'जॉब कार्ड' आणि 'शंभर दिवसांच्या कामाची हमी' येण्याची दाट शक्यता आहे. या दोन्ही गोष्टी २००५ च्या केंद्राच्या कायद्यातल्या. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदासुद्धा १९७७ चा. यंत्राच्या डोक्यात 'रोजगार हमी' हे एकच गाठोडं असतं, त्यातून कुठल्या सालचं काय बाहेर येईल याचा नेम नाही. तुमच्या जिल्ह्यात त्या कामांवर गेलेली पंचाहत्तरीच्या पुढची माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. यंत्राकडून प्रश्नांची यादी करून घ्यायला हरकत नाही : हजेरी कोण घेई, मजुरी किती दिवसांनी मिळे, तान्हं पोर कामावर कुठे ठेवत. उत्तरं मात्र माणसांकडून.

ओव्यांच्या बाबतीत तर यंत्राच्या वाटेलाच जाऊ नका. "जात्यावरची ओवी दे" म्हटलं की ते बेधडक ओवी रचतं आणि पारंपरिक म्हणून देतं. तुमची बाई पहाटे जात्यावर बसते, तिथे ओवी हवीच असेल तर हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या लाखभर ओव्यांचा संग्रह 'पारी' या संकेतस्थळावर आहे. ओवी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही तिथे मिळतं. घेतलीत तर ते नाव द्या.

दुसऱ्याचं लेखन यंत्रात टाकायचं नाही : मैत्रिणीची कथा, विद्यार्थ्याची कविता, कुणाचं पत्र. स्वतःचं टाकण्याआधी 'सेटिंग्ज'मधल्या 'डेटा कंट्रोल्स'मध्ये जाऊन 'इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन' बंद करा. इतर साधनांतही अशी सोय कुठल्या ना कुठल्या नावानं असते, ती आधी शोधा. कथेतली माणसं गावातली खरी असतील तर नावं बदलूनच मजकूर द्या.

हे सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्यासाठी आम्ही असं लिहिलं असतं :

"खर्डा पुरा होईपर्यंत काही विचारणार नाही. अडलं तर दोन रात्री थांबेन. वाक्य, शब्द, शेवट, शीर्षक मागणार नाही. संवादांना हात लावू देणार नाही. माहिती माणसांकडून किंवा छापील मजकुरातून पडताळेन. काय विचारलं ते नोंदवेन. संपादकांनी विचारलं तर आहे ते सांगेन."

मागच्या पानावर तीन रकाने आखा : तारीख, काय विचारलं, काय घेतलं. महिन्यानं तिसरा रकाना वाचा. तिथे प्रश्न आणि चुका दिसल्या तर ठीक. वाक्यं दिसायला लागली तर पुढच्या कथेला साधन पूर्ण बंद ठेवा. एखाद्या नियमानं उगाच जाच होतोय असं वाटलं तर तोही बदला, फक्त कथा चालू असताना नको, दोन कथांच्या मधे. अडलेल्या माणसानं ठरवलेली हद्द नेहमी त्याच्या सोयीची असते.

हात मोबाइलकडे जातो, त्यावर साधा उपाय म्हणजे मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि खर्डा वहीत. अडलं की कंसात 'अडलं' एवढंच लिहून पुढच्या प्रसंगाला लागा. अडतं तिथे दोष बहुतेक वेळा नसतोच, तो दोन पानं मागे असतो : एखाद्या पात्राला त्या दिवशी काय हवंय हे लेखकालाच ठाऊक नसतं. तुमच्या मुकादमाला काय हवंय यावर दहा ओळी लिहा. त्या कथेत घालायच्या नाहीत. सुरुवातीचे काही दिवस लिहिलेलं भिकार वाटेल, कारण मधल्या काळात डोळ्याला सफाईची सवय झाली आहे. ते चालू द्या.

कायद्याचं थोडक्यात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, संगणकानं निर्माण केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. ती आजची यंत्रं यायच्या कितीतरी आधीची. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयानं उलट बाजूनं सांगितलं की लेखक माणूसच हवा. तुमच्या जिवाला चैन नाही, त्याच्याशी या दोन्हींचा फारसा संबंध नाही. दिवाळी अंकांच्या आवाहनात 'कथा स्वतंत्र आणि अप्रकाशित असावी' ही ओळ नेहमी असते, तुम्हाला बांधून घेणारा शब्द तो. पुढेमागे किंडलवर ई-पुस्तक काढलंत तर तिथला नियम जास्त काटेकोर आहे : मजकूर, चित्रं किंवा भाषांतर यंत्रानं निर्माण केलं असेल तर नंतर कितीही हात फिरवलात तरी अपलोड करताना ते नोंदवावं लागतं. तुम्ही लिहिलेलं यंत्रानं फक्त तपासलं असेल तर नोंदवायची गरज नाही. आजच्या तुमच्या परिच्छेदाचं उत्तर या एका नियमात मिळतं.

'एआय ओळखणाऱ्या' साधनांत कथा घालून मनाची खात्री करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. मराठीच्या बाबतीत तर अशा निकालावर काडीचाही विश्वास ठेवू नये. उद्या कुणी शंका घेतलीच तर तारखा घातलेली खर्ड्याची वही दाखवता येईल. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर 'व्हर्जन हिस्ट्री' आपोआप राहते, मात्र बाहेर लिहून एकदम चिकटवलेल्या मजकुराचा त्यात काही माग लागत नाही.

आणि संपादक. त्यांना पत्र लिहा, फोन नको. फोनवर तुम्ही एकतर फार माफी मागाल किंवा विषय बदलाल. एवढं पुरे :

"कथेचा शेवटचा परिच्छेद लिहिताना मी चॅटजीपीटीचा मजकूर वापरला होता. तो काढून शेवट मी स्वतः नव्यानं लिहिला आहे. बाकी कथा माझी आहे. सोबतची फाइल अंतिम समजावी. नवा शेवट आपल्याला पसंत नसेल तर कथा परत घ्यायला माझी हरकत नाही."

त्यांना जुनाच शेवट हवा असेल तर? तसं झालं तर परिच्छेदाखाली तशी नोंद छापायला सांगा, आणि ते तयार नसतील तर कथा परत घ्या. एका अंकानं काही अडत नाही. शेवट पसंत पडला तर नव्या फाइलच्या नावात तारीख घाला, युनिकोड आणि पीडीएफ दोन्ही पाठवा, आणि जुनी फाइल अक्षरजुळणीला गेली असल्यास ती मागे घ्यायला सांगा. मुद्रितं आली की आधी शेवटचं पान बघा. दिवाळी अंकांच्या धांदलीत जुनीच फाइल लागलेली असण्याची शक्यता बरीच असते.